लेन्सला वेगळा रकाना हवा का?

परवा ऑफिसात चहाच्या वेळी एका मित्राने लॅपटॉपवर एक तक्ता उघडून दाखवला. नवा कॅमेरा घ्यायचाय म्हणून चार मॉडेलं निवडून साहेबांनी पद्धतशीर रकाने पाडले होते. मेगापिक्सेल, सेन्सरचा आकार, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ, बॅटरी, वजन, वायफाय, किंमत वगैरे वगैरे. एकूण एकोणीस रकाने. त्यात सतरावा रकाना लेन्सचा, आणि चारही मॉडेलांपुढे एकच मजकूर: 'सोबत मिळते.'

मी म्हटलं, "अरे, फोटो जिच्यातून येणार ती वस्तू सतराव्या रकान्यात?"

तो म्हणाला, "मी वाचलेल्या परीक्षणांत असंच होतं. आणि लेन्सचं वेगळं काय बघायचं? काच ती काच."

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. सुचलेली उत्तरं सगळी नेहमीप्रमाणे घरी पोचल्यावर सुचली. शनिवारी कपाटातून एक जुनी डबी काढून समोर ठेवली आणि लिहायला बसलो. लेख जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

पेटीतला कॅमेरा

माझे धाकटे काका सत्तरच्या दशकात सुरगाणा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होते. ज्यांना सुरगाणा माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिक जिल्ह्याचा वायव्य कोपरा, पलीकडे गुजरात. एकेकाळचं छोटंसं संस्थान, १९४८ साली विलीन झालं. नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालात की बोरगावला सुरगाण्याचा फाटा लागतो. तसंच सरळ गेलात तर हातगड किल्ला. वस्ती बहुतेक कोकणा, वारली, महादेव कोळी. डोंगरउतारावर भात आणि नागली. आणि पाऊस असा की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकांकडे 'झेनित-ई' नावाचा रशियन कॅमेरा होता. त्या काळात परदेशी वस्तूंच्या आयातीवर इतकी बंधनं आणि इतका कर, की जपानी कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी मामा आखातातून घेऊन यायची वाट बघणं. सोव्हिएत माल त्या मानाने परवडायचा. मास्तरच्या पगारातही जुना झेनित बसायचा. काका वर्षाला दोन-तीन रोळ वापरत. बहुतेक फोटो शाळेतल्या मुलांचे. धुवायला नाशिकला पाठवायचे, पुढच्या फेरीला प्रिंट आणायचे आणि ज्याचा फोटो त्याला देऊन टाकायचे.

काका गेल्यावर काकूंनी लोखंडी पेटी उघडली. चामड्याच्या केसमध्ये झेनित होता. शटरचा पडदा कडक होऊन फाटलेला, प्रकाशमापक मेलेला. थोडक्यात कॅमेरा संपला होता. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरली होती. सुरगाण्याचे इतके पावसाळे, त्यात चामड्याची केस (चामडं ओल धरून ठेवतं) आणि वर बंद पेटी. बुरशीला याहून चांगलं घर सरकारी योजनेतही मिळालं नसतं.

काकू म्हणाल्या, "भंगारात घालू नकोस रे, यांचा जीव होता त्यात."

मी लेन्स घेऊन मुंबईला गेलो. फोर्टातल्या बोरा बाजारात अजून अशी कामं करणारी माणसं सापडतात. कारागिराने लेन्स फिरवून बघितली आणि सांगितलं, खोलता येईल, साफ करता येईल, पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा थर जिथे खाल्लाय तिथे डाग राहणार. राहू दे म्हटलं. आठवड्याने लेन्स परत आली. साधारण तीन हजार रुपयांचा एक ॲडाप्टर घेऊन ती माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला लावली आणि पहिला फोटो काकूंचा काढला.

आता गंमत बघा. त्याच कपाटात मी स्वतः घेतलेले तीन डिजिटल कॅमेरे पडून आहेत. एकाची बॅटरी आता मिळत नाही, एकाचं कार्ड वाचणारं यंत्र घरात उरलेलं नाही, तिसरा चालू होतो आणि लगेच बंद पडतो. तिघांत सर्वांत तरुण जो आहे तो काकांच्या लेन्सपेक्षा तीस वर्षांनी लहान. माझ्या मते मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. कॅमेरा आणि लेन्स या दोन वस्तूंची आयुष्यं वेगळी आहेत. दोघांना एका रकान्यात कोंबणं म्हणजे घर आणि घरातला टीव्ही यांचं एकच परीक्षण लिहिण्यासारखं.

पण हे काही आजचं नाही. जरा मागे जाऊ.

आधी लेन्स, मग खोका

१८३९ साली दाग्येरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली तेव्हा लेन्स इतका कमी प्रकाश आत घेई की माणसाला उन्हात कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाचा गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने खास माणसांच्या फोटोंसाठी लेन्स आखली. प्रकाश साधारण पंधरा पट जास्त. ही बहुधा पहिली लेन्स जी अंदाजाने काचा घासून नाही, तर आधी कागदावर गणित करून बनली. आकडेमोड प्रचंड होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेब येणारे सैनिक त्याला मदतीला दिले होते असं सांगतात. म्हणजे आपल्या धंद्यातली 'प्रोजेक्टला माणसं कमी पडतायत, अजून द्या' ही परंपरा तेव्हापासूनची आहे :)

ही लेन्स फोख्टलेंडर कंपनीने बनवली, आणि ती नुसतीही विकली जाई. फोटोग्राफर लेन्स विकत घेई आणि तिच्यासाठी खोका गावातल्या सुताराकडून करून घेई. म्हणजे त्या काळी कुणी परीक्षणाचा तक्ता केला असता तर पहिला रकाना लेन्सचा असता, आणि खोक्याच्या रकान्यात 'सागवानी' एवढं लिहून भागलं असतं.

आपल्याकडे ही कला लगेच आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. नाशिककरांना अभिमानाने सांगायचं नाव अर्थात दादासाहेब फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला, १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला.

पण लेन्सच्या गोष्टीत मला फाळक्यांपेक्षाही जवळचे वाटतात ते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम चालू ठेवलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार केला. त्यावर 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा करणं ही काय चीज आहे, याचा अंदाज ज्याने साधं घड्याळ उघडून परत जोडायचा प्रयत्न केलाय त्याला येईल.

आणि तरीही, या स्वदेशी कॅमेऱ्यात एक गोष्ट स्वदेशी असणं शक्य नव्हतं. ती म्हणजे भिंगाची काच. ऑप्टिकल काच तेव्हा भारतात बनतच नव्हती. लोखंड-पितळ कानशीने घासता येतं, दात पाडता येतात, चुकलं तर पुन्हा करता येतं. ऑप्टिकल काचेत बुडबुडा नको, रेघ नको, आणि प्रत्येक घाणीत प्रकाश वाकवण्याचं प्रमाण तेच हवं. ही विद्या जगात मोजक्या ठिकाणी होती. जर्मनीत येना, जिथे ओटो शॉटने १८८४ साली प्रयोगशाळा काढली. इंग्लंडात बर्मिंगहॅम. फ्रान्समध्ये पॅरिस. पहिल्या महायुद्धात येनाची काच बंद झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेचीसुद्धा दुर्बिणींसाठी तारांबळ उडाली होती. कोल्हापूरचा कारागीर खोक्यात जगाच्या बरोबरीला आला. काचेची तर अवघ्या देशातच सोय नव्हती. दोन्ही कामं एका जातीची नाहीत, हे यावरून कळावं.

दोन काचांचं गाव एकच

काकांच्या लेन्सचं नाव 'हेलिओस ४४-२'. अंतर ५८ मिलिमीटर, छिद्र एफ २. चार गटांत मिळून सहा काचा. तिच्या कड्यावरच्या अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे ७४ आहेत आणि अनेक सोव्हिएत लेन्सांवर हे दोन आकडे म्हणजे वर्ष. पण तिची कुळकथा त्याहून जुनी. ही मुळात येनाच्या झाइस कंपनीची 'बायोटार', विली मर्टे नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात आखलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने येनातली यंत्रं, आराखडे आणि काही माणसंसुद्धा नुकसानभरपाई म्हणून उचलून नेली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात बायोटारची हेलिओस झाली आणि पुढे लाखांनी निघाली.

म्हणजे बघा, जर्मन गणित, रशियन काच, सुरगाण्याची बुरशी, बोरा बाजारातली सफाई आणि आज जपानी सेन्सर. मधल्या काळात एक महायुद्ध झालं आणि दोन देश नकाशावरून गेले. चाललं कसं हे सगळं?

याचं उत्तर आपल्या क्षेत्रातल्या माणसाला पटकन कळेल: इंटरफेस. हेलिओस कॅमेऱ्याला जोडली जाते ती एका साध्या आट्याने. व्यास ४२ मिलिमीटर, एका वळणाला १ मिलिमीटर पुढे. याला एम ४२ म्हणतात. १९४९ च्या सुमारास पूर्व जर्मनीत आला, पुढे जपान्यांनी उचलला, रशियनांनी उचलला. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं: ४५.४६ मिलिमीटर. बस, एवढाच करार. ना तार, ना चिप, ना पासवर्ड.

आजच्या सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिलिमीटर आहे. वजाबाकी करा, २७.४६ येतं. तितक्या लांबीची पोकळ नळी मध्ये घातली की काम झालं. माझा तीन हजारांचा ॲडाप्टर म्हणजे ही वजाबाकीच, ॲल्युमिनियममध्ये केलेली. उलट निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिलिमीटर. हेलिओसला हवं त्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त, म्हणून त्यावर हीच लेन्स लावली तर लांबचं स्पष्ट दिसत नाही. एका मिलिमीटरने नातं जुळतं किंवा तुटतं. आता मला सांगा, हे सतराव्या रकान्यातल्या 'सोबत मिळते' मध्ये कसं मावणार?

'डिजिटल लेन्स' ही खरंच वेगळी जात आहे का?

इथपर्यंत मित्राला पटलं असतं असं धरून चालू. पण तो हुशार आहे, पुढचा प्रश्न विचारेल: ठीक, लेन्सला वेगळा रकाना. पण फिल्मची लेन्स आणि डिजिटलची लेन्स, असे आणखी दोन रकाने कशाला?

२००३-०४ च्या सुमारास हा वाद जोरात होता. कॅनन ३००डी २००३ मध्ये आला, १८-५५ च्या लेन्ससकट, आणि नोकरदार माणसाच्या आवाक्यातला पहिला डीएसएलआर ठरला. पाठोपाठ २००४ मध्ये निकॉन डी७०. आपल्यातल्या किती जणांच्या पहिल्या बोनसचा बळी या दोघांनी घेतलाय! त्याच वेळी लेन्सांवर 'खास डिजिटलसाठी' अशी अक्षरं यायला लागली. सिग्माचं डीजी, टॅमरॉनचं डीआय. दुकानदार सांगायचे, जुनी लेन्स डिजिटलला चालत नाही साहेब.

यात दुकानदारी किती आणि तथ्य किती? तथ्य तीन गोष्टींत होतं.

पहिली, सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होते. निकॉनमध्ये दीड पटीने. त्यामुळे जुनी २८ मिलिमीटरची लेन्स, जी फिल्मवर रुंद दृश्य पकडायची, ती डिजिटलवर साधारण ४२ सारखी वागायची. रुंद दृश्य हवं तर नवीन लेन्स करणं भाग होतं.

दुसरी, फिल्मला प्रकाश तिरका आला तरी फारसं बिघडत नाही. सेन्सरचा प्रत्येक ठिपका मात्र छोट्या विहिरीसारखा. डोक्यावरचं ऊन तळाला पोचतं, सकाळचं तिरपं ऊन भिंतीवरच अडतं. म्हणून कोपरे काळे पडायचे. ऑलिंपसने २००३ च्या ई-१ पासून याच मुद्द्यावर संपूर्ण नवी प्रणाली मांडली.

तिसरी, सेन्सर आरशासारखा चकचकीत. त्यावरून उलटा परतलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा फोटोत येतो. म्हणून मागच्या काचेलाही चांगला थर लागतो.

हे तिन्ही मुद्दे खरे. पण पुढे काय झालं? फिल्मच्या आकाराचे सेन्सर स्वस्त झाले. सेन्सरवर सूक्ष्म भिंगं बसली, विहिरी उथळ झाल्या. काकांची १९७४ ची लेन्स माझ्या आजच्या सेन्सरवर मध्यभागी इतकी तीक्ष्ण आहे की काकूंच्या चष्म्याच्या काडीवरचे ओरखडे मोजता येतात. (हे काकूंना सांगितलेलं नाही.) तेव्हा 'डिजिटलला चालते का' हा प्रश्न काही वर्षांपुरता खरा होता. त्या पायावर कायमची वेगळी जात उभी करता येत नाही.

परीक्षण करणारेही तेव्हा चाचपडतच होते. डीपीरिव्ह्यू हे त्या काळातलं मोठं नाव, १९९८ पासून कॅमेऱ्यांची कसून परीक्षणं करणारं. पण लेन्सांची स्वतंत्र परीक्षणं त्यांनी २००८ मध्ये सुरू केली, म्हणजे दहा वर्षांनी. उशिराचं कारण आळस नसावा. अडचण खरी आहे: लेन्स एकटी मोजायची कशी? ती कुठल्यातरी कॅमेऱ्यावर लावावीच लागते, आणि मग आकडा लेन्सचा की सेन्सरचा? तीच लेन्स ६ मेगापिक्सेलवर एक आकडा देते आणि २४ वर दुसरा. म्हणून जाणकार परीक्षक आवर्जून बजावायचे की दोन वेगळ्या प्रणालींवरचे आकडे शेजारी ठेवू नका. आपण अर्थातच तेच करायचो.

काच किती, कोड किती

आता जो मुद्दा मला खरा वाटतो तिथे येतो. २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही मिररलेस प्रणाली आली. तिच्यात लेन्स कॅमेऱ्याला स्वतःच्या दोषांची माहिती देते: मी कडांना इतकी वाकवते, तू सरळ करून घे. कॅमेरा चित्र सरळ करतो आणि मगच तुम्हाला दाखवतो. नंतर जवळजवळ सगळ्यांनीच ही वाट धरली. २०१८ मध्ये आलेल्या निकॉन झेड आणि कॅनन आरएफ या माउंटच्या लेन्सांतही हे सर्रास आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअरमधला बग दुरुस्त करायचा नाही, वरच्या थरात पॅच मारायचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवणूक वाटली होती. आता तसं वाटत नाही. हा सौदा आहे. एक दोष कोडवर सोडला की आखणाऱ्याला बाकीचे दोष काचेत जास्त चांगले सोडवता येतात, लेन्स हलकी होते, स्वस्त होते. डोंगर चढताना अर्धा किलो कमी असणं म्हणजे काय, ते हातगड चढलेल्याला विचारा.

पण सौदा असेल तर तो पावतीवर लिहिलेला हवा. आणि त्यात आणखी एक कलम आहे जे परीक्षणांत फार क्वचित येतं. मिररलेसच्या बहुतेक नव्या लेन्सांत फोकसचं कडं कशालाही प्रत्यक्ष जोडलेलं नसतं. तुम्ही कडं फिरवता, चिप ते वाचते, मोटर काच हलवते. वीज नाही तर फोकस नाही. छिद्रही विजेवर.

माझ्याकडे अशी एक लेन्स आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. घेतल्यापासून नवव्या वर्षी तिची मोटर गेली. दुरुस्ती केंद्रात नम्रपणे सांगण्यात आलं की या मॉडेलचे भाग आता येत नाहीत, नवीन घ्या. काचेवर एक ओरखडा नाही, बुरशीचा ठिपका नाही (मी शिकलो होतो, सिलिका जेल घालून ठेवायचो). त्यावेळचा निम्मा पगार घालून घेतलेली वस्तू, आणि आता माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली आहे. तिच्या शेजारी हेलिओस. एक निरोगी काच मेलेली, एक डागाळलेली काच जिवंत.

ज्या अर्थाने 'डिजिटल लेन्स' ही खरोखर वेगळी जात आहे तो अर्थ हा. तिरक्या प्रकाशाचा प्रश्न सुटला. पण लेन्स आता अर्धी काच आणि अर्धा कोड झाली आहे, आणि कोडचं आयुष्य काचेइतकं नसतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत? आपणच पाच वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर 'आता सपोर्ट नाही' म्हणून बंद करतो ना?

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडलेल्या माणसाचं रडगाणं होईल. हेलिओस मला आवडते, पण माझा पुतण्या अंगणात धावत असताना तिने काढलेल्या वीस फोटोंपैकी एकोणीस धूसर येतात. नवी लेन्स त्याच्या डोळ्याला चिकटून राहते. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने जुनी लेन्स वापरावी असं मी म्हणणार नाही. आणि ज्यांना लेन्स कधी बदलायचीच नाही, किंवा फोनवरच फोटो काढायचेत, त्यांच्यासाठी वेगळा रकाना निरर्थक आहे. फोनमध्ये काच, सेन्सर आणि कोड हे एकच यंत्र असतं, त्याचं परीक्षणही एकत्रच व्हावं. जी लेन्स काढता येते, जिचे वेगळे पैसे मोजले जातात, जिने कॅमेऱ्यामागून कॅमेरे बघावेत अशी अपेक्षा आहे, तिच्याविषयी मी बोलतोय.

तिच्या रकान्यात मला तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. एक: कोडची दुरुस्ती बंद केली तर ही काच कशी दिसते, आणि चालू केली तर कशी? दोन: कॅमेऱ्याच्या मदतीशिवाय हिच्यातलं काय काय चालतं? तीन: ही खोलता येते का, आणि भाग किती वर्षं मिळतील असं कंपनी लिहून देते? तीक्ष्णतेचे आकडे खुशाल द्या, पण या तिन्हींच्या नंतर.

परत सुरगाण्याला

गेल्या ऑगस्टमध्ये हेलिओस घेऊन काकांच्या शाळेच्या गावाला गेलो. बोरगावपासून पाऊस लागला तो थांबलाच नाही. काकूंनी एक नाव दिलं होतं, त्या घरी पोचलो. दार उघडलं ते गृहस्थ काकांचे विद्यार्थी. आता त्यांच्याच नातवंडांची शाळा सुटायची वेळ झाली होती. "गुरुजींचे पुतणे का?" म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीवरची एक चौकट काढून आणली.

आठ-नऊ वर्षांचा मुलगा, खाकी अर्धी चड्डी, हातात पाटी, डोळे मिचकावलेले. मागच्या झाडाची पानं गोल-गोल फिरल्यासारखी दिसत होती. मी ती पानं बघूनच ओळखलं. हेलिओसची, त्याआधी बायोटारची, ही खोड प्रसिद्ध आहे. १८४० च्या पेट्झवालमध्येही ती होती. (२०१३ मध्ये एका कंपनीने पेट्झवालची लेन्स पुन्हा काढली आणि ती बनली क्रास्नोगोर्स्कच्या त्याच कारखान्यात, जिथून काकांचा झेनित आला. असो.)

"माझा लहानपणीचा हा एकच फोटो," ते म्हणाले. "आईबापाचा तर एकही नाही."

मी लेन्स त्यांच्या हातात दिली. म्हटलं, याच भिंगातून काढलाय हा. त्यांनी ती डोळ्याला लावली, उलटी करून बघितली, आणि विचारलं, "मग कॅमेरा कुठाय?"

"तो गेला."

"आन् हे राहिलं?"

"हे राहिलं."

पडवीत, उजेडाकडे तोंड करून ते बसले. फोकस हाताने करायचा म्हणून मी वेळ घेतला, तेवढ्यात नात येऊन मांडीवर बसली. बुरशीच्या डागांमुळे फोटोत थोडं धुकं आलंय, विशेषतः जिथे पावसाचा पांढरा उजेड आहे तिथे. प्रिंट काढून पाठवला. काकांसारखं पुढच्या फेरीपर्यंत थांबवलं नाही, कुरियरने गेला.

सोमवारी मित्राला त्याचा तक्ता परत पाठवला. लेन्सचा रकाना सतराव्यावरून पहिल्यावर आणला, खाली वरचे तीन प्रश्न जोडले आणि कॅमेऱ्याचे सगळे रकाने त्याच्यामागे सरकवले. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चारपैकी एकाही कंपनीच्या कागदांत सापडत नाहीये."

मी लिहिलं, तो रकाना रिकामाच ठेव, पण खोडू नकोस.

असो. भेटू पुढच्या शनिवारी. आणि हो, पावसाळा आहे, लेन्सा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका.